आधी कोणतं काम? न्यूरोडायव्हर्जंट व्यावसायिकांसाठी सिस्टिम्स थिंकिंग

कामांची यादी करा, तातडीची आणि महत्त्वाची वेगळी काढा, वरून खाली करत चला. हा सल्ला इतका सर्वमान्य आहे की त्यात काय काय गृहीत धरलंय याकडे कुणाचं लक्ष जात नाही. त्यात धरलेलं असतं की काम महत्त्वाचं आहे हे पटलं की ते सुरू करता येतं. एक तास म्हणजे एक तास, मग तो सकाळचा असो की सलग तीन मीटिंगनंतरचा. आणि एका कामातून उठून दुसऱ्यात बसायला काही खर्च येत नाही. न्यूरोडायव्हर्जंट म्हणजे ज्यांचा मेंदू सर्वसाधारणपेक्षा वेगळ्या पद्धतीने चालतो असे लोक. एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं कठीण जाणं), ऑटिझम, डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण) किंवा यांतलं एकाहून जास्त काही असलेल्या अनेकांच्या बाबतीत ही तिन्ही गृहीतकं कोसळतात. यादी अचूक असते, क्रमही बरोबर असतो, आणि पहिल्या क्रमांकाचं काम तीन आठवडे पहिल्याच क्रमांकावर बसून असतं.

एडीएचडीवर दीर्घकाळ काम केलेले मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली सांगत आले आहेत की ही अडचण माहितीची नाही. माहीत असलेली गोष्ट नेमक्या वेळी कृतीत उतरवण्याची आहे. म्हणूनच 'काय महत्त्वाचं' हे आणखी बारकाईने ठरवून फारसं हाती लागत नाही. त्याऐवजी पाहायला हवं की कामं आपल्यापर्यंत येतात कशी, अडकतात कुठे, आणि एकाला उशीर झाला की त्याचा धक्का कुठवर पोचतो. हे सिस्टिम्स थिंकिंगचे, म्हणजे सुटे भाग न पाहता सगळी रचना एकत्र पाहणाऱ्या विचाराचे, प्रश्न आहेत.

या विचाराची एक शाखा कारखान्यात जन्मली. १९५० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीच्या केंटकीतल्या कारखान्यांत कामगारांची गरज साधारण तीन वर्षांच्या चक्राने वाढायची आणि कोसळायची. बाजारातल्या तेजी-मंदीने त्याचा नीट उलगडा होत नव्हता. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाचे प्राध्यापक जे डब्ल्यू. फॉरेस्टर यांनी भरतीचे आणि मालसाठ्याचे नियम कागदावर मांडून हाताने आकडेमोड केली. तेव्हा दिसलं की बाहेरून येणारी मागणी अगदी स्थिर धरली, तरी हेलकावे येतातच. ते निर्णयांच्या रचनेतूनच निघत होते. एक आठवडा झपाटल्यासारखं काम आणि पुढचा आठवडा ठप्प, असं ज्यांचं होतं त्यांनी स्वतःच्या कामाकडे एकदा या नजरेने पाहावं. ही उपचारपद्धती नाही; औषधं, थेरपी, निदान हे प्रश्न वेगळे आणि ते त्या त्या तज्ज्ञांकडेच न्यायचे. इथे बोलायचंय ते फक्त कामाच्या रचनेबद्दल.

आधी साठा मोजा

व्यवस्थेत साठा असतो आणि त्यात आवक-जावक असते. तुमच्या बाबतीत साठा म्हणजे सुरू केलेली पण न संपलेली सगळी कामं. अर्धवट ईमेल, 'बघून सांगतो' म्हणून घेतलेली चौकशी, उघड्या टॅबमध्ये पडलेलं डिझाइन, सगळं यात येतं. ती एकदा एका कागदावर उतरवा. ४० मिनिटं पुरतात; त्याहून जास्त वेळ लागला तर तुम्ही यादी करत नसून ती सजवत आहात.

मग गेल्या चार आठवड्यांत खरोखर किती कामं हातावेगळी झाली ते मोजा. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक साधा नियम इथे उपयोगी पडतो. साठ्यातल्या कामांची सरासरी संख्या भागिले दर आठवड्याला संपणारी कामं, म्हणजे एका कामाला लागणारे सरासरी आठवडे. १८ कामं उघडी आणि आठवड्याला ३ संपत असतील, तर आज उचललेलं काम सरासरी ६ आठवड्यांनी संपेल. तुम्ही कितीही मनापासून 'शुक्रवारपर्यंत देतो' म्हणालात तरी. उघडी कामं ६ वर आणली तर तोच आकडा २ आठवडे होतो. हा दीर्घकालीन सरासरीचा नियम आहे, एखाद्या कामाचं भाकीत नव्हे; पण आपण देत असलेली आश्वासनं आणि वास्तव यांच्यातली दरी दाखवायला तो पुरेसा आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. १२ कामं दाराबाहेर ठेवली म्हणून ती संपली का? नाही, ती बाहेर थांबलेली आहेत. पण न सुरू केलेलं काम बदलता येतं, दुसऱ्याला देता येतं, रद्द करता येतं आणि त्याची मांडणी डोक्यात वाहून न्यावी लागत नाही. अर्धवट कामाचं तसं नसतं. सोफी लेरॉय यांच्या २००९ च्या संशोधनात दिसलं की माणूस पुढच्या कामावर गेला तरी लक्षाचा एक भाग मागच्या कामात अडकून राहतो, विशेषतः ते अपुरं सोडलं असेल तर. ज्यांना कामं डोक्यात धरून ठेवणं मुळातच जड जातं, त्यांना १८ अर्धवट कामांचं हे ओझं जास्त भोवतं.

म्हणून पहिला नियम: हातात एका वेळी जास्तीत जास्त तीन कामं. एक मोठं, एक मध्यम आणि एक असं की ज्यात दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहायची आहे. चौथं आत घ्यायचं तर एक बाहेर जायला हवं, संपून किंवा 'थांबवलं' असं लिहून. ज्यांना एकाच कामावर राहणं असह्य होतं त्यांना एकच एक कामाची सक्ती करू नये. कंटाळा आल्यावर उडी मारायला अधिकृत दुसरी जागा नसेल तर ते अनधिकृत पाच जागा शोधतात. ज्यांचं लक्ष एकाच गोष्टीत खोल जातं, त्यांना मात्र तीनही जास्त होतात. दिना मरे, माइक लेसर आणि लॉसन यांनी २००५ मध्ये ऑटिझमसंदर्भात मांडलेली मोनोट्रॉपिझमची कल्पना हीच आहे: लक्ष थोड्या विषयांत एकवटतं आणि तिथून बाहेर काढणं महाग पडतं. अशांना दोन कामं पुरे, आणि त्यातलंही एकच त्या दिवसाचं.

पूर्ण भरलेला दिवस का कोलमडतो

रांगांच्या गणितात एक ठळक गोष्ट आहे. कामं अनियमितपणे येत असतील, ती करणारा एकच असेल आणि प्रत्येकाला लागणारा वेळ कमीजास्त होत असेल, तर त्याचा ८० टक्के वेळ भरलेला असताना साठ्यात सरासरी ४ कामं असतात. ९० टक्क्यांना ९, आणि ९५ टक्क्यांना १९. म्हणजे शेवटचे १५ टक्के वेळ 'वापरात आणल्याने' रांग जवळजवळ पाचपट होते. शिवाय चढउतार जितके जास्त, तितकी रांग आणखी वाढते.

झोप, आवाज, औषधाची वेळ, आदल्या दिवशीच्या मीटिंग यांमुळे ज्यांची क्षमता दिवसागणिक बदलते, त्यांचे चढउतार अर्थातच मोठे. त्यामुळे त्यांनी दिवसातला ६० टक्क्यांहून जास्त वेळ आधीपासून ठरवलेल्या कामांनी भरू नये. ८ तासांत साधारण पावणेपाच तासांची कामं. हे ऐकायला चैन वाटते, पण उरलेला वेळ रिकामा राहत नाहीच. अचानक आलेली कामं, चुकलेले अंदाज आणि सावरायला लागणारा वेळ तो भरून काढतात. तो आधी धरला नाही तर संध्याकाळमधून कापला जातो, आणि तिथून पुढची चक्रं सुरू होतात.

तीन चक्रं जी कागदावर काढायलाच हवीत

फीडबॅक लूप, म्हणजे परिणाम फिरून कारणाला येऊन मिळतो अशी रचना. ती काढायला चौकट, बाण आणि शेजारी 'वाढतं' किंवा 'घटतं' एवढं लिहिलं की झालं. बहुतेकांच्या कागदावर यातलं किमान एक तरी निघतं.

पहिलं चक्र डेडलाइनचं. साध्या दिवशी काम सुरूच होत नाही. डेडलाइन अंगावर आली की भीतीने सुरू होतं. एडीएचडीमध्ये दूरच्या फळाची आजची किंमत फार कमी वाटते हे बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे, त्यामुळे हे घडणं स्वाभाविकच. पण शेवटच्या रात्रीच्या जागरणाने पुढच्या दिवसाची सुरुवात आणखी कठीण होते, म्हणून पुढचं कामही डेडलाइनपर्यंत लांबतं. दर वेळी काम 'होतं', त्यामुळे पद्धत चालते असं वाटत राहतं. तात्पुरता उपाय खऱ्या उपायाची जागा घेतो आणि खरा उपाय करण्याची ताकद खात जातो.

दुसरं चक्र होकाराचं. उशीर झाला की अपराधी वाटतं, ते भरून काढायला पुढच्या मागणीला लगेच 'हो' म्हटलं जातं, आवक वाढते, आणखी उशीर होतो. या चक्रात अडकलेल्या माणसाला वेळेचं नियोजन शिकवून उपयोग नाही. त्याचा नळ उघडा आहे.

तिसरं चक्र रिमाइंडरचं, आणि ते जरा फसवं आहे. विसरलं म्हणून रिमाइंडर लावला. उपयोग झाला, म्हणून आणखी चार लावले. महिन्याभरात सगळ्याच सूचना न वाचता बाजूला सारायची सवय लागते आणि खरी महत्त्वाची सूचनाही त्यात जाते. रिमाइंडर दिवसाला तीनच, आणि प्रत्येकात कामाचं नाव नको, पुढची हालचाल हवी: 'फाइल उघड आणि दुसरा तक्ता भर'.

चक्रांपेक्षाही जास्त गोंधळ घालतो तो विलंब. कारण आणि परिणाम यांच्यात दिवस गेले की आपण भलत्याच गोष्टीला दोष देतो. मंगळवारी सहा तास लोकांमध्ये, कॅमेरा सुरू ठेवून, चेहऱ्यावरचे भाव सांभाळत काढले. बुधवार कसाबसा गेला. गुरुवारी एक ओळ लिहिता येईना. गुरुवारचं खापर गुरुवारच्या कामावर फुटतं. पाहायचं असतं मागच्या ४८ तासांकडे.

काम नेमकं कुठे अडतं

व्यवस्थापनावर लिहिणारे एलियाहू गोल्डरॅट यांच्या कन्स्ट्रेंट (अडथळ्याच्या) सिद्धांताचं सार असं: व्यवस्थेचा वेग तिच्यातल्या सगळ्यात चिंचोळ्या जागेने ठरतो. त्या जागेवर वाचवलेला तास सगळ्या व्यवस्थेला मिळतो. इतरत्र वाचवलेला तास फक्त वाचल्यासारखा वाटतो. ज्याचं काम सुरूच होत नाही त्याने वेगाने टाइप करायला शिकणं म्हणजे असा वाचवलेला तास.

प्राधान्यक्रम लावण्याआधी म्हणूनच ही जागा शोधावी लागते, आणि ती अंदाजाने ओळखता येत नाही. दोन आठवडे एक कागद जवळ ठेवा. काम अडलं की एकच अक्षर लिहा, दहा सेकंदांत. अस्पष्ट असेल तर 'अ'. काय करायचं ते कळतंय पण सुरू होत नाही, 'सु'. दुसऱ्या कामातून इथे येता येत नाही किंवा इथून सुटता येत नाही, 'ब'. दुसऱ्या कुणाच्या उत्तरासाठी थांबलंय, 'वा'. जवळपास झालंय पण संपत नाही, 'शे'. अंगात किंवा डोक्यात त्राण नाही, आवाज-उजेड सहन होत नाही, 'श'. कारणमीमांसा लिहायची नाही, ती लिहायला गेलात की तिसऱ्या दिवशी हा कागदही अर्धवट कामांत जमा होतो. दोन आठवड्यांनी अक्षरं मोजा. सहसा एक-दोन अक्षरं बाकीच्यांना मागे टाकतात, आणि ती आपण समजत होतो ती असतीलच असं नाही. स्वतःला आळशी ठरवून 'सु' अपेक्षिलेल्यांच्या कागदावर 'अ'ची रांग दिसणं फार नवलाचं नाही, कारण अस्पष्ट काम आतून आळसासारखंच जाणवतं.

आता कोणत्या अक्षरावर काय.

'अ' जास्त असेल तर सकाळचं पहिलं काम म्हणजे काम नव्हे, प्रश्न. हे कोण वापरणार, त्यावरून कोणता निर्णय होणार, किती झालं की पुरेसं, कधीपर्यंत. चार प्रश्न, लेखी. 'अहवाल जरा नीट करा' या वाक्यात दुसऱ्याला जे न सांगता कळतं ते तुम्हाला कळायलाच हवं असं नाही. बऱ्याचदा सांगणाऱ्यालाही ते नीट माहीत नसतं. उत्तर यायला वेळ लागतो म्हणून प्रश्न सगळ्यात आधी जायला हवा. हे साधं वाटतं, पण यामुळे दिवसाचा क्रम उलटा होतो: सगळ्यात मोठं काम आधी न येता सगळ्यात धूसर काम आधी येतं.

'सु' जास्त असेल तर यादीतलं प्रत्येक काम दोन मिनिटांत होईल अशा हालचालीने सुरू होतंय का पाहा. 'प्रस्ताव लिहिणे' ही हालचाल नाही. 'मागच्या प्रस्तावाची प्रत काढून नाव बदलणे' ही आहे. त्यापुढे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांची जर-तर पद्धत: 'चहाचा कप टेबलावर ठेवला की फाइल उघडायची.' वेळेपेक्षा घटनेला बांधलेली सुरुवात जास्त टिकते, कारण घटना समोर घडते आणि वेळ नजरेतून निसटते. कुणीतरी सोबत बसून आपापलं काम करणं, प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवर, हेही बऱ्याच जणांना चालतं. आवडीच्या कामाने दिवस सुरू करून मग रटाळ कामाकडे वळण्याची युक्ती धोक्याची आहे. आवडीचं काम दिवस गिळतं. ती वापरायचीच तर असं काम निवडा जे स्वतःहून अर्ध्या तासात संपतं.

'ब' असेल तर क्रम तासांचा लावू नका, अर्ध्या दिवसाचा लावा. सकाळी एक विषय, दुपारी एक. सोडताना दोन ओळी: कुठवर आलं, पुढचं पाऊल काय. लेरॉय यांच्याच नंतरच्या संशोधनात अशा टिपणाने मागच्या कामात अडकलेलं लक्ष सुटायला मदत होते असं दिसलं.

'वा' असेल तर दुसऱ्यांकडे जाणारी प्रत्येक गोष्ट दिवसाच्या पहिल्या तासात बाहेर काढा, कितीही किरकोळ असो. 'शे' असेल तर काम हाती घेतानाच 'झालं म्हणजे काय' याच्या तीन ते पाच ओळी लिहा आणि त्या पूर्ण झाल्या की सोडा. शेवटचे दहा टक्के सहसा दोन कारणांनी रखडतात: नवेपणा संपलेला असतो, किंवा दर्जाची रेषा पुढे सरकत असते. पहिल्यासाठी आठवड्यात दोन तास फक्त शेवट करायला राखून ठेवता येतात; दुसऱ्यासाठी त्या लिहिलेल्या ओळींखेरीज दुसरं काही चालत नाही. डिस्लेक्सिया असलेल्यांत 'शे' कधी कधी तपासणीवर साचतो. तिथे मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आणि दुसऱ्याची नजर हे कामाचे रीतसर टप्पे धरावेत, मेहेरबानी नव्हे.

'श' जास्त असेल तर बाकी सगळं थांबवा. शक्तीच अपुरी असेल तर क्रम कसाही लावा, काही हलणार नाही. आठवड्यातल्या सगळ्यात दमवणाऱ्या दोन गोष्टी शोधा आणि त्यांच्यानंतरच्या ४८ तासांत कठीण काम ठेवू नका. दमवणारी गोष्ट कमी करता येत असेल, म्हणजे मीटिंग लेखी करणं, कॅमेरा बंद ठेवणं, आवाज रोखणारे हेडफोन, तर तेच त्या आठवड्याचं सर्वोच्च प्राधान्य. ते कामांच्या यादीत कधीच नसतं, हीच यादीची मोठी उणीव.

आता क्रम

साठा आटोक्यात आणि चिंचोळी जागा माहीत झाल्यावर उरलेली कामं थोडी असतात, त्यामुळे क्रम लावणं सोपं होतं. सगळ्या कामांना गुण देत बसू नका. फक्त दारात उभी असलेली पाच-सहा घ्या.

प्रत्येकाला विचारा: उशीर झाला तर नुकसान कसं वाढतं? काहींचं दररोज थोडं थोडं वाढतं. काहींचं एका तारखेपर्यंत शून्य असतं आणि नंतर एकदम कोसळतं. काहींचं वाढतच नाही. ती नुसती डोळ्यांना खुपतात. ज्यांना 'आत्ता' आणि 'आत्ता नाही' एवढ्याच दोन वेळा जाणवतात त्यांना ही तीनही कामं सारखीच ओरडताना ऐकू येतात, म्हणून प्रत्येकाचा आकार कागदावर काढा: चढ, कडा, सपाट. कडा असलेलं काम तारखेच्या आधी सुरक्षित अंतरावर ठेवून मोकळं व्हा. सपाट कामं बिनदिक्कत मागे टाका.

चढाच्या कामांसाठी रोजचं नुकसान भागिले लागणारा वेळ हे गुणोत्तर काढा, मोठं असेल ते आधी. समजा पहिल्या कामाचं रोजचं नुकसान २ गुण आणि त्याला ४ दिवस लागतात. दुसऱ्याचं नुकसान १ गुण, लागतो अर्धा दिवस. पहिलं आधी केलं तर एकूण नुकसान ८ अधिक साडेचार, म्हणजे साडेबारा. दुसरं आधी केलं तर अर्धा अधिक ९, म्हणजे साडेनऊ. 'जास्त महत्त्वाचं' काम नंतर करूनही एकूण तोटा कमी.

या गुणोत्तरात लागणारा वेळ म्हणजे घड्याळातला वेळ धरला तर मात्र सगळं फसतं. सुरू व्हायला आणि परत यायला लागणारा वेळ त्यात मिळवा. दुपारी तीनच्या १५ मिनिटांच्या फोनमुळे एक वाजल्यापासून दुसरं काही सुरूच होत नसेल, तर तो फोन सव्वादोन तासांचा आहे. तो सकाळी पहिला ठेवला की पुन्हा १५ मिनिटांचा होतो. कामांचा क्रम बदलला की कामांची लांबी बदलते, आणि साध्या यादीला हेच दिसत नाही.

अंदाजांचंही तेच. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांनी प्रबंध सरासरी ३४ दिवसांत होईल असं सांगितलं. प्रत्यक्षात ५५ हून अधिक लागले. सर्वसाधारण माणसाची ही गत. स्वतःची शेवटची दहा कामं घ्या, प्रत्येकात प्रत्यक्ष भागिले अंदाज काढा, चढत्या क्रमाने लावून मधल्या दोन आकड्यांची सरासरी घ्या आणि पुढच्या प्रत्येक अंदाजाला तिने गुणा. आकडा अडीच आला तर लाजायचं कारण नाही, गुणायचं कारण आहे.

शेवटी एक प्रश्न उरतो: हे काम केल्याने एखादं चक्र मोडतं का? दर आठवड्याला येणाऱ्या अहवालाचा साचा तयार करणं तातडीचं कधीच नसतं, पण ते पन्नास वेळा येणारं 'सु' आणि 'अ' मिटवतं. अशा एका कामाला आठवड्यात दीड तास राखून ठेवा, बाकी क्रम काहीही असो.

कुठे हात घातला तर हलतं

व्यवस्थेत हस्तक्षेप करण्याच्या जागांची सिस्टिम्स थिंकिंगच्या अभ्यासक डोनेला मेडोज यांनी केलेली क्रमवारी प्रसिद्ध आहे. तिच्यात आकडे बदलणं सगळ्यात दुबळं मानलंय. माहिती कुणाला कधी मिळते, नियम कोण ठरवतं आणि उद्दिष्ट काय, या जागा कितीतरी प्रभावी. गजर साडेआठचा आठ करणं हा आकडा झाला. तुमच्या यादीत काम कुणी आणि कसं टाकायचं, हा नियम झाला.

म्हणून आवकेला एकच दार ठेवा. तोंडी, चॅटवर, जाता जाता आलेल्या मागणीला ठरलेलं उत्तर: 'हे दोन ओळींत लिहून पाठवा, उद्या दुपारपर्यंत कळवेन.' होकाराचं चक्र इथेच तुटतं, कारण उत्तर आणि अपराधी भावना यांच्यात एक रात्र जाते. वरिष्ठांना: 'सध्या ही तीन कामं चालू आहेत. हे आत घ्यायचं तर यातलं कोणतं थांबवू?' निवड त्यांनी करायची. त्यांनी 'सगळीच करा' म्हटलं, तर कोणत्या क्रमाने ते विचारा आणि क्रम लेखी परत पाठवा.

हमखास काय बिघडतं

नकाशाच मोठा छंद होतो. ॲप शोधणं, रंग ठरवणं, चाळीस चौकटी. मर्यादा: एक कागद, बारा चौकटी, पेन्सिल. सगळंच सगळ्याशी जोडलेलं दिसायला लागलं की काहीच सुरू होत नाही. तेव्हा सीमा आखा: फक्त हे कार्यालय, फक्त ही तिमाही.

नवेपणा ओसरतो, बहुतेकदा महिन्याभरात. हे होणारच असं धरून पद्धतीचं सगळ्यात छोटं रूप आधीच ठरवून ठेवा: तीन कामं, एक दार. वाईट आठवड्यात एवढंच. कंटाळा आला तर वही बदला, बोर्ड बदला, नियम तेच ठेवा. मध्येच पद्धत सुटली तर साचलेलं आवरत बसू नका. सगळं 'थांबवलं' म्हणून एका पानावर टाका, आजची तीन निवडा.

चिंचोळी जागा सरकते. सुरुवात सुटली की शेवट अडायला लागतो. पद्धत फसली असं वाटून लोक इथेच सोडून देतात. खरं तर पहिली जागा मोकळी झाल्याशिवाय दुसरी दिसलीच नसती. दर तीन महिन्यांनी पुन्हा दोन आठवडे अक्षरं लिहा.

आणि कधी कधी अक्षरं मोजल्यावर दिसतं की अडचण तुमच्यात नाहीच. चौदा खुणांपैकी नऊ 'अ' आणि त्या सगळ्या एकाच माणसाकडून आलेल्या कामांवर असतील, तर हा तक्ता घेऊन बोलायला बसावं. निदानाचा विषय काढायलाच हवा असं नाही. मागणी छोटी आणि मोजता येईल अशी ठेवा: प्रत्येक कामासोबत चार ओळी, म्हणजे कशासाठी, कुणासाठी, किती, कधी, चार आठवडे करून पाहू, आधी आणि नंतर किती कामं परत करावी लागली ते मोजू. परत येणारी कामं कमी झाली तर ती व्यवस्था सगळ्या टीमसाठी ठेवायला सुचवा. आकडा जागचा हलला नाही, तर अडण्याची जागा दुसरीकडे आहे. कागद काढा आणि पुन्हा अक्षरांपासून सुरू करा.